बाबांची साखर ६.३ आली, तरी बाबा पडले

‘डॉक्टर, माझे वडील ७९ वर्षांचे आहेत. मधुमेह वीसेक वर्षांचा. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांची तीन महिन्यांची साखर ८.१ होती. मी हात धुऊन मागे लागले. गोड बंद, फळं मोजून, रात्रीचं जेवण जवळजवळ निम्म्यावर. वर्षभरात आकडा ६.३ वर आणला. पण हल्ली बाबा फार चिडचिड करतात. पहाटे उठून भलतंसलतं बोलतात आणि नाश्त्यानंतर त्यांना त्यातलं काही आठवत नाही. गेल्या महिन्यात पहाटेच बाथरूमच्या दारात पडले, सुदैवाने हाड वाचलं. दादाला वाटतं, विस्मरणाचा आजार सुरू झालाय. त्यात आता ते चोरून खातात. उशीखाली बिस्किटाचा पुडा सापडला! ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे, रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल आहे. क्रिएटिनिन १.५. हे चोरून खाणं कसं थांबवू?’

ताई, तो पुडा तूर्त जप्त करू नका.

तुम्ही विचारलंय एक, आणि मला घोर लागलाय दुसऱ्याच गोष्टीचा. वय ७९, मंदावलेली किडनी, दिवसातून दोनदा ग्लिमेपिराइड आणि रात्री निम्मं जेवण. हे सगळं शेजारी शेजारी ठेवलं की पहाटेचं असंबद्ध बोलणं, दारातलं पडणं आणि उशीखालची बिस्किटं यांचा एकच अर्थ आधी मनात येतो: बाबांची शुगर रात्री लो होत असावी. नाश्ता झाला की ते ताळ्यावर येतात, हेही त्यातच बसतं. खात्री तपासल्यावरच होईल. पण संशय इतका बळकट आहे की पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघण्यात अर्थ नाही. उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करा आणि मला लिहिलंत ते सगळं, पुड्यासकट, त्यांच्या कानावर घाला.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. बाबा पोटभर जेवले की दोन घास खाऊन उठले, याच्याशी त्या गोळीला काही कर्तव्य नसतं. ती तिचं काम करत राहते, आणि तिचा असर एका दिवसापर्यंत टिकू शकतो. किडनी मंद असेल तर आणखी रेंगाळतो. बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साचणारा कचरा, १.५ आहे. रिपोर्टवर तो आकडा किंचित वर गेल्यासारखा दिसतो, म्हणून कुणी फारसं मनावर घेत नाही. मात्र वय धरून हिशेब केला तर त्यांची किडनीची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, सुमारे ४७ निघते. हेच १.५ तिशीतल्या पुरुषाचं असतं तर ती ६४च्या आसपास निघाली असती. म्हातारपणी स्नायू कमी होतात, स्नायूंतून तयार होणारं क्रिएटिनिनही कमी होतं, आणि किडनी आहे त्यापेक्षा बरी वाटते. पुढच्या वेळी रिपोर्टमध्ये ईजीएफआर लिहिलेला आहे का, तेवढं बघा.

आता त्या ६.३ बद्दल. एचबीएवनसी, म्हणजे तुम्ही म्हणता ती तीन महिन्यांची साखर, ही सरासरी असते. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज ती देते. ६.३ म्हणजे सरासरी साखर १३४च्या आसपास. पण पहाटेची ५५ आणि दुपारची २१० या सरासरीत एकमेकींना छान झाकून टाकतात. त्यात ॲनिमिया असेल, किडनी बिघडलेली असेल किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल, तर हा आकडा खोटा वर किंवा खोटा खाली दिसू शकतो. तेव्हा हिमोग्लोबिन किती आहे हे न बघता नुसत्या एचबीएवनसीवर खूश होऊ नये, आणि घाबरूही नये.

शुगर लो झाली की घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, हे आपण ऐकून असतो. वय झाल्यावर या खुणा फिक्या पडतात. मधुमेह जुना असेल आणि शुगर वरचेवर लो होत असेल, तर शरीर इशारा द्यायचंच सोडून देतं. मेटोप्रोलॉलसारख्या औषधाने धडधड आणि थरथर आणखी दबतात. घाम तेवढा बहुधा येतो. म्हणून पहाटे बाबांच्या मानेखाली हात घालून बघा, बनियन आणि उशी ओलसर लागते का. बाकी म्हाताऱ्या माणसाची लो शुगर थेट डोक्यातच दिसते. जीभ जड होते, नजर हरवते, माणूस उगाच भांडायला उठतो, झोकांड्या खातो, नाहीतर हाका मारूनही जागा होत नाही. घरच्यांना वाटतं, वय झालं.

म्हणून दादांना सांगा, विस्मरणाचा शिक्का इतक्यात मारू नका. वरचेवर जबर लो शुगर होण्याचा आणि डिमेन्शियाचा संबंध दिसलेला आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे: मेंदूला साखर न मिळाल्याने स्मृतीवर परिणाम होतो, आणि विस्मरण असेल तर माणूस गोळी दोनदा घेतो किंवा जेवायचं विसरतो. साखर मार्गावर आली की स्मरणशक्तीची रीतसर चाचणी करून घ्या. पासष्टीनंतरच्या मधुमेह्यांनी ती वर्षातून एकदा करावीच. पण आज, हे सगळं चालू असताना केलीत तर तिचा निकाल भरवशाचा नसेल.

घरी ग्लुकोमीटर असेलच. चार-पाच रात्री दोन ते तीनच्या दरम्यान एकदा बोट टोचा. त्याशिवाय बाबा विचित्र वागताना दिसले की तेव्हाच्या तेव्हा टोचा. खरं उत्तर त्या क्षणी मिळतं. बोटाला साखर किंवा फळाचा रस लागलेला असेल तर आकडा खोटा वाढतो, म्हणून आधी बोट नुसत्या पाण्याने धुऊन कोरडं करा. दंडावर चिकटवायचे सेन्सरही मिळतात. दहा-पंधरा दिवस रात्रंदिवस साखर मोजतात. बाबांच्या बाबतीत तो एकदा लावून बघावा असं माझं मत आहे. रात्रीचा आलेख समोर आला की वादच उरत नाही.

आकडा ७०च्या खाली आला, तर तो लो. ५४च्या खाली असेल तर गंभीर. (हे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, तुमचं मशीन दुसरं एकक दाखवत असेल तर आधी ते तपासा.) बाबा शुद्धीवर असतील आणि गिळू शकत असतील, तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात विरघळवून द्या, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, सत्तरच्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच द्या. आल्यावर मग बिस्किटं किंवा हलकं जेवण द्या. सुरुवातीलाच चॉकलेट किंवा दूध नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. आणि बाबांच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे का, ते पाकिटावर वाचा. असेल तर साधी साखर वेळेवर पचत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. हे पुष्कळ घरांत माहीत नसतं. मी तर म्हणेन, बाबांच्या पलंगाजवळ ग्लुकोजचा डबा ठेवूनच द्या.

बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालू नका, पाण्याचा थेंबही नाही. कुशीवर वळवा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. आणखी एक लक्षात असू द्या: ग्लिमेपिराइडसारख्या गोळीमुळे शुगर लो झाली असेल, तर साखर देऊन माणूस उठून बसला तरी काही तासांनी ती पुन्हा घसरू शकते. ‘आता बरे आहेत’ म्हणून झोपवून देऊ नका. डॉक्टरांना कळवा आणि चोवीस तास लक्ष ठेवा. त्या दिवसाची पुढची गोळी त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.

समजा, चार-पाच वेळा मोजलंत आणि अगदी गोंधळलेल्या वेळीसुद्धा साखर १२०-१४० निघाली, तर माझा अंदाज चुकला. मग लघवीतला जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, झोपेचं किंवा दुसरं एखादं औषध अशी कारणं शोधावी लागतील. आणि चेहऱ्याची एक बाजू ओघळली, एक हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर साखर बघा जरूर, पण मोजत बसू नका. सरळ हॉस्पिटल.

मग बाबांची साखर किती असावी? इथे तुमच्या मनातला ‘सातच्या खाली’ हा दंडक मला मोडायचा आहे. तो दंडक मुळात तरुण आणि मध्यमवयीन माणसांसाठी. साखर काटेकोर ठेवल्याचा फायदा डोळे, किडनी आणि नसा यांना मिळतो खरा, पण तो हातात पडायला बरीच वर्षं लागतात. हे दाखवून देणारा युकेपीडीएस हा मोठा ब्रिटिश अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात नव्याने मधुमेह झालेली, पासष्टीच्या आतली माणसं घेतली होती. पुढे २००८ मध्ये अ‍ॅकॉर्ड अभ्यासाचे निष्कर्ष आले. दहा हजारांहून जास्त मधुमेही, सरासरी वय ६२, जुना आजार, हृदयविकाराचा धोका मोठा. त्यांतल्या अर्ध्यांची एचबीएवनसी सहाच्या खाली आणायचा चंग बांधला गेला. त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले, म्हणून तो उपचार मुदतीआधीच थांबवावा लागला. तेव्हापासून वयस्कर माणसाची साखर किती खाली आणायची, याचा विचार बदलला. तो अजून प्रत्येक घरापर्यंत आणि, खरं सांगायचं तर, प्रत्येक दवाखान्यापर्यंत पोचलेला नाही.

आज अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं वयापेक्षा माणसाची तब्येत बघतात. धडधाकट, डोकं शाबूत, स्वतःची कामं स्वतः करणारा वृद्ध असेल तर एचबीएवनसी ७ ते ७.५च्या आत ठेवावी. तीन-चार जुने आजार, थोडं विस्मरण, पडण्याचा धोका किंवा रोजच्या कामात मदतीची गरज असेल तर ८च्या आत चालते. आणि अगदी थकलेला, परावलंबी, गंभीर आजारी माणूस असेल तर आकड्याचा नाद सोडून फक्त दोन गोष्टी बघाव्यात: शुगर लो होऊ नये, आणि ती इतकीही वाढू नये की लघवी, तहान, ग्लानी सुरू व्हावी. बाबा मला मधल्या गटातले वाटतात. त्यांची एचबीएवनसी ७.५ ते ८च्या दरम्यान आणि उपाशीपोटी साखर ९० ते १५० असली, तर मी समाधानी असेन. म्हणजे ते तुमच्याकडे आले तेव्हा फारसं काही बिघडलेलं नव्हतंच!

डॉक्टरांशी बोलताना मुख्य विषय ग्लिमेपिराइडचा. वयस्करांसाठी टाळायच्या औषधांची बीअर्स यादी म्हणून एक यादी अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी वेळोवेळी काढते. २०२३च्या यादीत ग्लिमेपिराइडच्या वर्गातल्या सगळ्याच गोळ्या पहिल्या-दुसऱ्या पसंतीला वापरू नयेत असं म्हटलंय, आणि द्यायचीच झाली तर कमी वेळ टिकणारी द्या, ग्लिमेपिराइड-ग्लिबेनक्लामाइड नको, असंही. बाबांची गोळी एकत्र असल्यामुळे ग्लिमेपिराइड कमी करायचं म्हटलं तर मेटफॉर्मिनही कमी होतं. तेव्हा ‘दोन्ही वेगळी करून देता येतील का’ असं स्पष्ट विचारा. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा लो होत नाही. ४७च्या ईजीएफआरला ते चालतं, ४५च्या खाली गेल्यावर डोस कमी करायचा विचार होतो आणि ३०च्या खाली ते बंदच करावं लागतं. ते वर्षानुवर्षं घेतल्याने बी-ट्वेल्व्ह कमी होतं, त्याने पाय बधिर होतात, तोल जातो, विसरायला होतं. ही रक्ताची एक चाचणी याच फेरीत उरकून घ्या.

ग्लिमेपिराइडच्या जागी काय, हे बाबांचं हृदय, किडनी आणि वजन बघून त्यांचे डॉक्टर ठरवतील. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांनी एकट्याने शुगर लो व्हायची भीती कमी. हृदय अशक्त असेल किंवा लघवीतून प्रथिनं जात असतील, तर ‘फ्लोझिन’ने शेवट होणाऱ्या गोळ्या फायद्याच्या, पण त्यांनी लघवी वाढते, जननेंद्रियाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि उलट्या-जुलाब चालू असताना किंवा जेवण बंद असताना त्या थांबवाव्या लागतात. भूक मारून वजन उतरवणारी इंजेक्शनं आधीच बारीक झालेल्या माणसाला नकोत. कदाचित काहीच द्यावं लागणार नाही. बाबांचा आकडा इतका खाली आहे की नुसतं मेटफॉर्मिन पुरलं तर मला नवल वाटणार नाही. फक्त हे सगळं डॉक्टरांशी बोलून. फोन लागेपर्यंत स्वतःच्या मनाने गोळी अर्धी करू नका, पण बाबा जेवलेच नाहीत तर ती गोळी पोटात जाता कामा नये. अशा वेळी काय करायचं, हे त्या फोनवरच विचारून घ्या.

जेवणाचं मी जरा कडक बोलणार आहे. ७९ व्या वर्षी रात्रीचं जेवण निम्मं करणं हा उपचार नव्हे. या वयात खाणं तोडलं की चरबीबरोबर स्नायू झडतात, आणि मांड्यांतला जोर गेला की माणूस पडतो. बाबांचं वजन वर्षभरात किती उतरलं, तुम्ही लिहिलेलं नाही. विजार कमरेवर घट्ट बांधायला लागतात का? खुर्चीतून उठताना हातांनी रेटा देतात का? तसं असेल तर आधी पोटभर जेवण सुरू करा. तीन वेळा, ठरलेल्या वेळी, आणि प्रत्येक वेळी ताटात प्रथिनं हवीत. साधारण दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, बाबांची किडनी बघता नेमका आकडा डॉक्टरांकडून घ्या. फळं खाऊ द्या, रस नको. गोड खायचंच असेल तर जेवणाबरोबर, थोडंसं, सगळ्यांसमोर. जेवणानंतर घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटं चालणं आणि खुर्चीला धरून उठबस, एवढ्याने साखरेला आणि पायांनाही फायदा होतो. दातांचं बघा. कवळी टोचत असेल तर माणूस मऊ आणि गोड तेवढंच खातो.

‘चोरून’ हा तुमचा शब्द मला खटकला. एकतर लो शुगरमध्ये मेंदू माणसाला गोडाकडे ढकलतोच. बाबा कदाचित नकळत स्वतःवर इलाज करत होते. आणि तसं नसलं तरी आयुष्यभर स्वतःच्या मर्जीने जेवलेल्या माणसाला मुलीच्या घरी उशीखाली पुडा लपवावा लागतो, ही काही बरी गोष्ट नाही. तुम्ही हे सगळं मायेने केलंत याबद्दल शंका नाही. पण तपासायला जाल तेव्हा बाबांना बाहेर बसवू नका. काय चालेल, काय झेपेल, किती वेळा बोट टोचून घेणार, हे त्यांना विचारू द्या आणि त्यांना ठरवू द्या.

उलट टोकही सांगून ठेवतो. म्हातारपणी तहान कमी लागते, आणि लघवीतून साखर जायला लागण्याची पातळीही वर सरकलेली असते, त्यामुळे साखर ३०० झाली तरी तहान-लघवीची नेहमीची तक्रार नसते. ताप, जुलाब, न्यूमोनिया यांत ती वाढत वाढत ६००च्या पलीकडे जाऊ शकते आणि माणूस सुकत, गुंगत बेशुद्ध होतो. आजारपणात दिवसातून तीन-चारदा मोजा, पाणी हातात द्या. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी झाल्या नसतील तर घेऊन टाका.

पाय रोज तुम्ही बघा, त्यांना वाकून दिसणार नाहीत. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, तळवा. रात्री मोजे काढलेत की उलटे करून बघा. आतल्या बाजूला पिवळा किंवा तांबूस डाग दिसला तर जखम आहे, बाबांना दुखत नसली तरी. गरम पाण्याची पिशवी पायाला लावायची नाही. डोळ्यांची बाहुली मोठी करून तपासणी आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची चाचणी वर्षातून एकदा.

गोळ्या बदलल्यावर पहिले काही आठवडे वहीत तुम्हाला १५०, १७०, जेवणानंतर २०० असे आकडे दिसतील, आणि दादांचा फोन येईल. आकडा कुठवर चालेल, हे डॉक्टरांकडून त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहूनच घ्या. सलग दोन-तीन दिवस साखर २५०च्या वर राहिली, किंवा बाबा रात्री चार-चारदा लघवीला उठू लागले, जीभ कोरडी पडली, वजन घसरलं, तर तीन महिन्यांच्या तपासणीपर्यंत थांबू नका. तसं काही नसेल तर पुढची एचबीएवनसी तीन महिन्यांनीच करा, त्याआधी केलीत तर अर्धीच गोष्ट कळेल.